चाळीस दिवसांचं दूध

यंदा ईस्टरआधीचा उपवासकाळ लवकर आला. पहाटे अजून अंगावर घोंगडं ओढावं लागतंय, तोवर देवळातल्या वेदीवर जांभळं कापड चढलंसुद्धा. आमचे नवे पाळक वयानं माझ्या नातवाएवढे. उपासना संपता संपता त्यांनी हसतमुखानं विचारलं, "या चाळीस दिवसांत कोण काय सोडणार?" मागच्या बाकांवरची तरुण मंडळी एकेक करून उठली. कुणी मोबाइलवरचे खेळ सोडले, कुणी चॉकलेट, एकीनं नव्या साड्या. एकानं राग सोडला, तेव्हा त्याच्या बायकोनं भुवया उंचावल्या आणि सगळे हसले. मग पाळक माझ्याकडे वळले. "आजी, तुम्ही?" मी म्हटलं, "माझ्या वयात सोडावं लागत नाही बाळा, सगळं आपोआप सुटतं, दातांसकट." पुन्हा हशा. बरं झालं. हशा झाला की माणसं पुढचं विचारत नाहीत.

बाहेर आले तर वाऱ्यावर काकवीचा वास होता. शहराच्या कडेची शेवटची गुऱ्हाळं अजून चालू असावीत. हा वास आणि ते जांभळं कापड एकाच दिवशी भेटलं की मला अक्का आठवते, आणि मी घराकडे चालण्याचा वेग वाढवते, गुडघे परवानगी देतील तेवढा. घरचे म्हणतात, आजी या दिवसांत गप्प गप्प असते, प्रार्थनेत असते. म्हणू देत. कौतुकाची हाव मला लहानपणापासूनच आहे. त्या हावेनं काय केलं ते सांगायला आता माझ्याशिवाय कुणी उरलेलं नाही.

कोल्हापूर संस्थान विलीन होऊन दोन-तीन वर्षं झाली असतील. मी दहा वर्षांची होते. आम्ही मिशनच्या कंपाउंडात राहायचो. दगडी देऊळ, शाळा, मुलींचं बोर्डिंग, छोटा दवाखाना आणि मास्तर, कंपाउंडर, घरोघर शास्त्र वाचून दाखवणाऱ्या बायबलबाई अशांच्या कौलारू घरांची एक रांग. वडील शाळेत शिकवायचे. आम्ही त्यांना आबा म्हणायचो, बाकी सगळं कंपाउंड गुरुजी म्हणायचं. घरात आबा, आई, अक्का आणि मी. अक्काचं नाव रूथ. ती माझ्याहून नऊ वर्षांनी मोठी. मधली दोन भावंडं जगली नाहीत, म्हणून मला कडेवर वागवलं ते अक्कानंच. देवळात पायपेटी तीच वाजवायची. तिच्या पायांच्या लयीत तिचे खांदे किंचित हलायचे, आणि मी पहिल्या बाकावरून त्या खांद्यांकडे बघत गाणं म्हणायची.

उपवासकाळ म्हणजे आमच्या कंपाउंडात नाकाचे हाल. रविवारचं मटण बंद. कोल्हापुरात राहून रविवारी मटण बंद! पलीकडच्या पेठेतून तांबड्या रश्श्याचा वास कुंपण ओलांडून थेट ताटावर यायचा, आणि आम्ही आमटी-भातावर डोळे मिटून बसायचो. आबा त्या दिवशी प्रार्थना मुद्दाम लांबवायचे. मला अजून तो अंधार आठवतो, मिटलेल्या पापण्यांच्या आतला, आणि त्यात घमघमणारं दुसऱ्यांचं जेवण. दुपारी बोर्डिंगमागच्या चिंचेखाली गाभुळलेल्या चिंचा पडलेल्या असायच्या. पांगारा लाल झालेला असायचा. रंकाळ्याचं पाणी उतरून कडेचा चिखल उघडा पडायचा. चैत्र लागला की रस्त्यानं जोतिबाला जाणाऱ्या गाड्या सुरू व्हायच्या, गुलालानं माखलेले बैल, गुलालानं माखलेली माणसं. आमचा ईस्टर आणि त्यांची यात्रा बऱ्याचदा एकाच पुनवेच्या आगेमागे यायची. ते नाचत जायचे आणि आम्ही फाटकाला धरून गंभीर चेहऱ्यानं बघायचो. आम्ही त्यांच्यापेक्षा मोठं काहीतरी करतोय, असं मला पक्कं वाटायचं.

कारण आमच्याकडे नेम होता. उपवासकाळाच्या पहिल्या बुधवारी संध्याकाळी सगळी मंडळी देवळात जमायची, आणि प्रत्येक घरातलं एकेक माणूस उभं राहून आपण काय सोडणार ते सांगायचं. जे सोडलं ते नुसतं सोडायचं नसे. देण्यासारखा जिन्नस असेल तर तो रोजच्या रोज कंपाउंडातल्या गरजूंना पोचवायचा. नेम एकदा बोलून दाखवला, पाळकसाहेबांनी त्यावर प्रार्थना केली, की तो मोडायचा नाही. आजारपण आलं तरी नाही. तशी सक्ती कुणी लेखी केलेली नव्हती. पण मोडणाऱ्याला पुढच्या बुधवारी सगळ्यांसमोर उभं राहून 'चुकलं' म्हणावं लागे, आणि तसं उभं राहण्यापेक्षा माणसं काहीही सहन करायची.

आता आठवून हसू येतं, पण मोठी माणसं तेव्हा काय काय सोडायची! साखर रेशनवर होती, महिनोन्‌महिने मिळायची नाही, तरी दरवर्षी चार घरं साखर सोडायची. कंपाउंडर तपकीर सोडायचे आणि चाळीस दिवस बायकोवर ओरडायचे. एक म्हातारी बायबलबाई होत्या, त्यांनी दिवसाची झोप सोडली होती, त्या प्रवचनात झोपायच्या. आम्हा पोरांनाही बोलायची मुभा होती. आदल्या वर्षी मी गूळ सोडला होता आणि आठव्या दिवशी गुळाच्या ढेपेत बोट घालताना सापडले होते. 'चुकलं' म्हणताना माझ्या पाठीमागं पोरी खुसखुसल्या होत्या. ते मी विसरले नव्हते.

त्या वर्षी माझ्या वर्गातली मार्था उठली आणि म्हणाली, "मी चपला सोडणार." चाळीस दिवस अनवाणी. फाल्गुन-चैत्रातलं कोल्हापूर, तापलेली फरशी, आणि ही अनवाणी! बायकांनी चुकचुकून कौतुक केलं. पाळकसाहेबांच्या डोळ्यांत पाणी आलं. मी विचार करून ठेवला होता तो पेरूच्या फोडींचा. चपलांपुढं पेरू काय टिकणार? मी उठून उभी राहिले तेव्हा माझ्या तोंडात अजून पेरूचाच शब्द होता. तोंडातून निघालं ते वेगळंच.

"आम्ही दूध सोडणार. आमच्या घरी ईस्टरपर्यंत दूध येणार नाही."

आता त्या दुधाचं सांगायला हवं. आमच्या घरी दूध फक्त अक्कासाठी यायचं. आदल्या पावसाळ्यात तिच्या छातीत पाणी झालं होतं. महिनाभर अंथरुणात होती. उठली तेव्हा गालफडं बसलेली, दोन जिने चढली की धाप. दवाखान्यात दर शनिवारी बाहेरून येणाऱ्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, औषधापेक्षा दूध महत्त्वाचं. रोज शेरभर, तेही ताजं. जूनमध्ये ते तिला पुन्हा तपासणार होते. त्यांनी 'तब्येत ठणठणीत' असं लिहून दिलं की अक्का पुण्याला मास्तरणीच्या ट्रेनिंगला जाणार होती. जागा मिळालेली होती, पत्र आलेलं होतं, आबांनी बाजारातून पत्र्याची ट्रंक आणून तिच्यावर तिचं नाव रंगवून घेतलं होतं. सगळं अडलं होतं ते तिच्या छातीपाशी.

म्हणून संध्याकाळी आई चरवी घेऊन दूध-कट्ट्यावर जायची. कोल्हापुरात म्हशी दारात नाही, चौकात पिळतात, गिऱ्हाइकाच्या डोळ्यांदेखत. फेसाळलेलं, कोमट दूध आई पदराखाली झाकून आणायची. अक्का ओसरीवर बसून पेला तोंडाला लावायची आणि मी समोरच्या खांबाला टेकून बघायची. शेवटचा घोट ती नेहमी माझ्यासाठी ठेवायची. मला तो एक घोट पुरत नसे. मला तो पेला हवा होता, ते आईचं जपून आणणं हवं होतं, ती छातीत पाणी झालेली मुलगी व्हायचं होतं. दहा वर्षांच्या पोरीला एवढं कळत नसतं असं लोक म्हणतात. मला कळत होतं. मी उभी राहून जे बोलले ते भोळेपणानं बोलले नाही, हे मी आधीच सांगून टाकते.

देवळात सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळल्या. मग बायबलबाई मोठ्यानं "धन्य, धन्य!" म्हणाल्या. पाळकसाहेबांनी आबांकडे पाहिलं. "गुरुजी, हे आपल्या घरात ठरलंय का?"

आबा उठले. त्यांच्या चेहऱ्यावर मी दोन गोष्टी एकदम बघितल्या. भीती, आणि तिच्या मागून हळूच वर येणारा अभिमान. दरवर्षी ते नुसता चहा सोडायचे. मास्तरांच्या घरचा नेम साधाच असतो असं कंपाउंडात बोललं जायचं, ते त्यांच्या कानावर होतं. ते काही बोलायच्या आत पायपेटीपाशी अक्का उभी राहिली. एका हातानं तिनं पेटीची कड धरली होती.

"व्हय," ती म्हणाली. "माझंच दूध हाय ते. मीच तिला सांगायला सांगितलं."

पाळकसाहेबांनी हात उंचावून प्रार्थना केली. इतकी सुंदर प्रार्थना त्या देवळात मी नंतर कधी ऐकली नाही. तिच्यात माझं नाव दोनदा आलं आणि अक्काचं एकदा. मी मोजलं होतं.

घरी आल्यावर आईनं चुलीपुढं बसून विचारलं, "आता काय करायचं?" आबा कोट खुंटीला अडकवत होते. म्हणाले, "सभेत बोललेला शब्द हाय." आई म्हणाली, "पोरीची छाती हाय ती." आबा म्हणाले, "देव बघून घेईल की. त्याच्यासाठी सोडलंय, तो कमी पडू देईल व्हय?" अक्का दारात उभी होती. ती एकदा आबांकडे बघत होती, एकदा आईकडे. मग ती आत गेली आणि अंथरूण घालायला लागली.

दुसऱ्या दिवशी आईनं कट्ट्यावर जाऊन सांगितलं. मी तिच्या बरोबर होते, माझ्या नेमाचा पहिला दिवस मला बघायचा होता. म्हादू गवळी म्हशीच्या कासेला पाणी मारत होता. त्यानं ऐकलं आणि हात थांबवला.

"आजारी पोरीचं दूध तोडतासा? मास्तरीणबाई, डोकं ठिकाणावर हाय न्हवं?"

"देवाचा नेम हाय," आई म्हणाली. "दूध तुम्ही रोज बोर्डिंगात पोचवा."

"तुमच्या देवाला म्हशीचं दूध लागतंय व्हय? आणि लागत असंल तर मला सांगायचं, मी जादा घालतो की. पोरीचं कशाला घेतोय त्यो?"

आईनं पदर सावरला आणि पाठ फिरवली. मला मात्र राग आला. या माणसाला त्याग म्हणजे काय ते कुठं ठाऊक, असं मनात म्हणत मी परत आले.

ते दूध बोर्डिंगच्या स्वैपाकघरात जायचं. तिथं साठ मुलींचा चहा एका मोठ्या पातेल्यात उकळायचा आणि आमचं शेरभर दूध त्यात ओतलं जायचं. मी एकदा खास बघायला गेले होते. चहाचा रंग बदललाच नाही. स्वैपाकीणबाईनं चरवी विसळून ते पाणीसुद्धा पातेल्यात टाकलं आणि म्हणाली, "देव तुमचं भलं करो गं बाई." एकाही मुलीला चव कळली नसेल. पण मला तो आशीर्वाद मिळाला, आणि मी तो घेऊन उड्या मारत घरी आले.

त्यागाबद्दल मी पुढं आयुष्यभर शिकवलं. रविवारच्या शाळेत, बायकांच्या मंडळात, शिबिरांत. मी चांगली बोलते. स्वतःला विसरून दुसऱ्यासाठी झिजणं वगैरे मी असं सांगायची की बायका पदर डोळ्यांना लावायच्या. पण बोलताना मला नेहमी ठाऊक असायचं की स्वतःचं सोडताना माणूस घासाघीस करतो आणि दुसऱ्याचं सोडताना अगदी उदार होतो. आबांनी अक्काचं दूध सोडलं, चहा धरला तो धरलाच. त्या वर्षी त्यांना चहा सोडायची गरजच उरली नव्हती, घराचा नेम झाला होता. मंडळीतही कुणी विचारलं नाही की गुरुजी, दूध पीत होतं कोण? सगळ्यांना ते दृश्य आवडलं होतं. लहानगी मुलगी, आजारी बहीण, साधा मास्तर. एवढं देखणं चित्र कोण मोडणार?

तिसऱ्या आठवड्यात अक्काचा खोकला परत आला. दर शनिवारी दवाखान्याच्या काट्यावर तिचं वजन व्हायचं. काटा मागं सरकायला लागला तेव्हा डॉक्टरांनी विचारलं, दूध चालू आहे ना? अक्का म्हणाली, आहे. सभेतलं ते एक सोडलं तर आयुष्यात ती एवढं एकच खोटं बोलली असेल. मला तिचा अभिमान वाटला, की बघा, नेमासाठी अक्का खोटंसुद्धा बोलते. माझ्या डोक्यात तेव्हा सगळं इतकं उलटं बसलं होतं.

आणि मग एका संध्याकाळी मी चिंचा घेऊन मागच्या दारानं आले, तर अक्काच्या वरच्या ओठावर पांढरी रेघ. ती आत कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून बसली होती. आईच्या हातात रिकामा पेला. आईनं माझ्याकडे बघितलं आणि तिचा चेहरा चोरासारखा झाला. म्हादूनं स्वतःहून दिलं होतं म्हणे. बोर्डिंगचं बोर्डिंगला आणि हे वर पावशेर, विहिरीमागं बोलावून, कुणाला न सांगता. आठवडाभर चाललं होतं.

"कुणाला बोलू नको बाई," आई म्हणाली. माझ्या आईनं माझ्यापुढं हात जोडले. दहा वर्षांच्या पोरीपुढं. अक्का म्हणाली, "आई, जाऊ दे, ती न्हाई बोलणार." तिनं माझ्याकडे बघून हात पुढं केला आणि पेल्याच्या तळाशी उरलेला घोट मला दाखवला. नेहमीसारखा माझ्यासाठी ठेवलेला होता.

तो मी प्यायले. हे सांगायला जड जातं, पण प्यायले. आणि बुधवारी सभेत उठून सांगितलं.

का सांगितलं याची कारणं मी पुढं खूप शोधली. माझा नेम बाटला होता, मार्था अजून अनवाणीच होती, तिच्या टाचांना चिरा पडल्या होत्या आणि बायका तिच्या टाचांना तेल लावायच्या. माझ्याकडे दाखवायला काहीच नव्हतं. खरं बोलण्याचं तरी श्रेय मिळावं, एवढंच. मी म्हटलं, "आमच्या घरी नेम मोडलाय. आई चोरून दूध आणते. मला लपवायचं नाही." पाळकसाहेबांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. मग त्यांनी आईकडे पाहिलं. कठोरपणानं नाही, फार मायेनं पाहिलं. ते मायेनं पाहणं मला अजून सहन होत नाही.

आई उठली. पदर डोक्यावरून पुढं ओढला, इतका की चेहरा दिसेना. "चुकलं माझं," म्हणाली. आबा शेजारी बसून छताकडे बघत होते. पायपेटीवर अक्काचे हात तसेच ठेवलेले होते, पण तिनं सूर धरला नाही. पाळकसाहेबांना गाणं पेटीशिवाय सुरू करावं लागलं.

त्या दिवसानंतर आईनं माझी वेणी घातली नाही. रागावली नाही, मारलं नाही, जेवायला वाढलं, कपडे धुतले. फक्त सकाळी मी फणी घेऊन तिच्यापुढं बसले की उठून चुलीकडे जायची. चौथ्या दिवसापासून मी स्वतःच वेणी घालायला लागले. शाळेत माझा भांग वाकडा जायचा आणि मुली हसायच्या. आई पुढं तीस वर्षं जगली. माझ्या लग्नाच्या दिवशीसुद्धा माझे केस दुसऱ्या बाईनं विंचरले.

ईस्टरला पहाटे आम्ही कबरस्तानात गेलो, गाणी म्हणत, हातात मेणबत्त्या. उजाडताना देवळात परत आलो तेव्हा पाळकसाहेबांनी मला पुढं बोलावून एक बायबल दिलं. आत लाल शाईनं माझं नाव आणि खाली 'त्याग आणि सत्य यांबद्दल' असं लिहिलेलं. टाळ्या वाजल्या. टाळ्यांमध्ये अक्काचा खोकला सुरू झाला तो थांबेना. तिनं तोंडाला रुमाल लावला, काढला, बघितला आणि घडी घालून मुठीत धरला. रुमालाची कड तिनंच जांभळ्या दोऱ्यानं विणली होती. मी जवळ होते, मला लाल दिसलं. मी बायबल छातीशी धरून जागेवर जाऊन बसले.

दुसऱ्या दिवसापासून दूध पुन्हा सुरू झालं. आबा स्वतः चरवी घेऊन कट्ट्यावर जायला लागले, एक नाही दोन शेर. म्हादू त्यांच्याशी बोलायचा नाही, मुकाट्यानं माप घालायचा. पण आता अक्काला दूध चालेना. दोन घोट घेतले की उलटून पडायचं. आबा पेला धरून समोर बसायचे, "घे बाळ, घे की," म्हणायचे, आणि ती त्यांच्या समाधानासाठी घ्यायची आणि न्हाणीत जाऊन ओकायची. जूनमध्ये डॉक्टरांनी तपासलं. ट्रेनिंगचा विषयच निघाला नाही. आईनं रडत रडत दुधाचं सगळं सांगितलं तेव्हा डॉक्टर म्हणाले, "दूध असतं तरी काय झालं असतं, कुणी सांगावं?" हे वाक्य मी पुष्कळ वर्षं उशाला घेऊन झोपले. कुणी सांगावं! खरंच, कुणी सांगावं? मग एका वर्षी कळलं की डॉक्टर ते माझ्यासाठी बोलले नव्हते, माझ्या आईसाठी बोलले होते. जे माझ्यासाठी नव्हतं ते मी उचललं होतं, नेहमीसारखं.

सात वर्षांनी मी त्याच ट्रेनिंगला गेले. ट्रंक तीच, आबांनी अक्काचं नाव खरवडून माझं घातलं. मी दूध सोडलं का? नाही. मला साय आवडते. आजही सकाळी कपात बोटभर साय आल्याशिवाय मला चहा गोड लागत नाही. कुणाला वाटेल, हिनं प्रायश्चित्त म्हणून जन्मभर दुधाला शिवलं नसेल. तसलं सुंदर काही झालेलं नाही.

त्या वर्षी आषाढात अक्काला ओसरीच्या टोकाला वेगळं ठेवलं. ताट वेगळं, पेला वेगळा, मला चार हात लांब थांबायची ताकीद. कौलांवरून पाणी धारेनं गळायचं आणि ती पडल्या पडल्या त्या धारेकडे बघायची. ट्रेनिंगचं पत्र तिच्या उशाखाली असायचं. मी लांबून ताट सरकवायची आणि पळायची.

त्या महिन्यात रविवारच्या शाळेत आम्हाला शिकवलं की वेदीपुढं जायच्या आधी ज्याचं मन दुखवलं असेल त्याची क्षमा मागावी, नाहीतर प्रार्थना पोचत नाही. मला माझी प्रार्थना पोचायला हवी होती. दुपारी पाऊस जरा ओसरला होता. मी ओसरीवर गेले, चार हातांच्या जागी दोन हातांवर बसले. म्हटलं, "अक्का, मी चुकले. मला क्षमा कर."

तिनं मान माझ्याकडे वळवली. तिचे डोळे मोठे दिसायचे तेव्हा, चेहरा आत गेला होता.

"सभेत मी का उठले ठाऊक हाय तुला?" ती म्हणाली. "तू खोटं बोललीस म्हणून तुला सगळ्यांपुढं उभं करतील, म्हणून. मला वाटलं, घरी गेल्यावर कुणीतरी न्हाई म्हणंल. आबा म्हणतील. आई म्हणंल. तू तरी म्हणशील." ती दम घ्यायला थांबली. "मी दारात उभी होते की. सगळ्यांची तोंडं बघितली."

"मी चुकले गं."

"आत्ता तू माझ्यासाठी आलीस का तुझ्यासाठी? खरं सांग. खरं बोलल्याबद्दल बक्षीस मिळालंय न्हवं तुला?"

मी रडायला लागले. तिनं मला रडू दिलं. लहानपणी मी रडले की ती पदरानं माझं नाक पुसायची. आता हात उचलला नाही.

"माझ्या स्वतःसाठी," मी म्हटलं.

"मग न्हाई," अक्का म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. वर्गात गणित चुकलं तर सांगावं तसं तिनं सांगितलं. "दूध मागितलं, दिलं. पेटी वाजवायला सांगितली, वाजवली. आबा म्हणाले घे, घेतलं. सगळं दिलं बाई मी. क्षमा न्हाई देणार. ही एक माझ्यापाशी ऱ्हाऊ दे. जा तू आता, लांब बस, माझा खोकला तुला लागंल."

मी लांब जाऊन बसले. श्रावण लागायच्या आत ती गेली.

देवळात पेटी बंद होती, वाजवणारं कुणी नव्हतं. पाळकसाहेब शवपेटीपाशी उभे राहून बोलत होते आणि सगळं कंपाउंड रडत होतं, मार्थासुद्धा, कंपाउंडरसुद्धा. भिजलेल्या छत्र्यांचा वास होता. दाराबाहेर पावसात म्हादू उभा होता, डोक्यावर पोतं घेऊन. तो आत आला नाही. पाळकसाहेब म्हणाले की या मुलीनं आपल्याला जगायला शिकवलं, हिनं जाताना कुणाबद्दल मनात काही ठेवलं नाही, स्वतःसाठी काही म्हणून काही राखलं नाही. आबांनी हुंदका दिला. पाळकसाहेबांनी माझ्याकडे पाहिलं, मी काही बोलणार का म्हणून. खरं सांगणारी मुलगी म्हणून मला कंपाउंडात नाव होतं.

ते जे बोलले ते खोटं होतं, आणि ते ठाऊक असलेली त्या देवळात मी एकटीच होते. मी उठले नाही.